काकडीबाईची गिऱ्हाईकं

त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात तिला तिच्या खऱ्या नावाने कुणी कधी हाक मारली नाही. ती काकडीबाई. कामावर आली त्या पहिल्याच आठवड्यात वस्तादांनी, म्हणजे मुख्य आचाऱ्यांनी, हे नाव ठेवलं आणि ते गोंदल्यासारखं अंगावर बसलं. त्यात टिंगल होती, पण तिथे नावातून कुणीच सुटलेलं नव्हतं. खुद्द वस्तादांना पाठीमागे सगळे ‘उकळी’ म्हणत, कारण ते कधी उतू जातील याचा नेम नसे.

ती आली होती बटाटे सोलायला. वडील गेलेले, आई शिवणकामावर घर ओढत होती, आणि थोरली म्हणून हिने कुठेतरी हातभार लावायला हवा होता. बटाटे सोलणारे हात बरे दिसले म्हणून तिला थंड बाजूला उभं केलं. स्वयंपाकघराचे तिथे दोन भाग होते. गरम बाजूला चुली, भट्टी, वाफ आणि पुरुषांचा आरडाओरडा. थंड बाजू म्हणजे फ्रिज आणि मागचं दार यांच्यामधला एक लांब दगडी ओटा. तिथे ऊन येत नसे आणि माणूसही फारसं येत नसे. ज्याचं दुसरीकडे कुठे जमत नाही त्याला तिथे पाठवायचं, अशी पद्धत होती.

कामही तसंच. जेवणाआधी द्यायची पहिली प्लेट करायची. काकडीच्या जाड चकत्या, टोमॅटोच्या फोडी, गाजर, खाली एखादं सॅलडचं पान. वस्ताद म्हणायचे, “पोरी, फार जीव लावू नकोस. सॅलड म्हणजे खरं जेवण येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा खुळखुळा.”

तिने जीव लावला नाही. चिरायचं, मांडायचं, भिंतीतल्या खिडकीतून पुढे सरकवायचं. खिडकीपलीकडे वेटरांचा बोळ, बोळाच्या टोकाला झुलतं दार, आणि दारापलीकडे हॉल. हॉल तिने बघितला होता तो फक्त सकाळी, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून फरशी पुसली जाताना. दिवे लागलेला, माणसांनी भरलेला हॉल कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. तिच्या प्लेटा जात. परत येत त्या थेट मागच्या मोरीत, धुणाऱ्याकडे. मधे त्यांचं काय होतं, देव जाणे.

ते तिला सांगणारा माणूस म्हणजे जिराफ.

जिराफ हा वेटरांमधला सगळ्यात उंच. मान लांब, पाय लांब, आणि खिडकीतून बोलायचं तर कमरेत दुमडून डोकं आत घालावं लागे. एका संध्याकाळी त्याने असंच डोकं आत घातलं आणि म्हणाला, “खिडकीजवळच्या टेबलावर एक आजी बसल्यात. तुमच्या गाजराशी त्यांची कुस्ती चाललीय.”

“म्हणजे?” तिने सुरी खाली ठेवली.

“कवळी आहे त्यांना. चकती या गालातून त्या गालात फिरवतायत. चारचौघांत थुंकवत नाही आणि गिळवतही नाही. मला म्हणाल्या, चव फार गोड आहे हो, पण दात माझे नाहीत ना.”

तो निघून गेला. ती मात्र त्या आजींवरच अडकून बसली. कुणा वाढप्याने ‘गाजर जाड झालंय’ असं म्हटलं असतं तर तिने फटकन उत्तर दिलं असतं. त्या वयात तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि कुणी चूक काढली की दोन-दोन दिवस ती ओट्याशीसुद्धा बोलत नसे. पण आजी कुठे चूक काढत होत्या? त्या बिचाऱ्या हरत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने किसणीची रुंद पाती काढली, गाजर उभं धरलं आणि लांब, पातळ पट्ट्या ओढल्या, इतक्या पातळ की त्यांच्यातून पलीकडची बोटं दिसावीत. त्या लुळ्या पडल्या म्हणून तिने बर्फाच्या पाण्यात सोडल्या. थोड्या वेळाने बघते तर पट्ट्यांनी अंग वळवून घेतलेलं, कुरळ्या केसांच्या बटांसारखं. तिने मुळ्याच्या चकत्याही तशाच केल्या. काकडीच्या पट्टीची गुंडाळी करून उभी ठेवली. प्लेट पहिल्यांदाच बसलेली नव्हती, उठून उभी राहिली होती.

“आजी आल्या होत्या?” तिने खिडकीतून विचारलं.

जिराफ क्षणभर थांबला. “आल्या होत्या. आज नातीला घेऊन. गाजर कागदासारखं विरघळलं म्हणाल्या.”

तिथून हे सुरू झालं. रोज नाही, पण अधूनमधून जिराफ हॉलमधून कुणाची ना कुणाची बातमी आणायचा. एक पांढऱ्या सदऱ्यातले साहेब होते, ते म्हणे बीटाकडे सापाकडे बघावं तसं बघत होते. बीट ही तर घरातली भांडखोर आत्या. जिच्या शेजारी बसेल तिला आपल्या रंगात ओढणार. काकडीबाईने त्या साहेबांसाठी बीट वेगळं चिरायला घेतलं, थंड पाण्यात खळबळून, कापडावर टिपून, तेलाचा हात फिरवून, आणि प्लेटमध्ये सगळ्यात शेवटी, मधोमध ठेवायचं असं ठरवलं. सदरा पांढराच राहिला, अशी बातमी आली.

मग लाल-हिरवं ओळखू न येणारा एक मास्तर आला. “त्यांना सगळी प्लेट एकाच रंगाची दिसते,” जिराफने सांगितलं. “म्हणाले, प्रत्येक घास वेगळा लागला तर निदान तोंडाला तरी रंग कळेल.” त्या मास्तरांपायी तिने काय काय केलं. जांभळ्या कोबीचे केसासारखे धागे, ढोबळी मिरचीचे रसाळ तुकडे, मुळ्याची तिखट चकती, कडवट कोवळी पानं, वर भाजलेल्या बियांचा कुरकुरीतपणा. डोळे मिटून एकेक घास खायची आणि विचारायची, हा आधीच्यापेक्षा वेगळा लागला का? वस्तादांनी एकदा तिला असं पकडलं आणि म्हणाले, “काकडीबाई, समाधी लागली की काय?”

पाण्याची गोष्टही अशीच कळली. कुणीतरी नवी नवरी होती, तिच्या प्लेटच्या तळाशी तळं साचलं होतं आणि तिला आपल्या माहेरची विहीर आठवली म्हणे. काकडीबाईला हसूही आलं आणि लाजही वाटली. त्यानंतर पानं धुतली की ती स्वच्छ पंच्यात बांधून मागच्या दाराबाहेर उभी राहायची आणि गोफणीसारखं गाठोडं गरागरा फिरवायची. मीठ आधी घातलं की भाज्या रडायला लागतात, म्हणून मीठ शेवटी. लिंबाचा रस, तेल, मोहरीची पेस्ट आणि थोडा मध फेटून वेगळं ठेवायचं, आणि प्लेट खिडकीत ठेवण्याच्या क्षणी वरून सोडायचं. प्लेटसुद्धा फ्रिजमधली, थंडगार.

माणसं वाढत गेली. तिला ती सगळी ओळखीची झाली. आजींना सर्दी झाली की तिला काळजी वाटे. मास्तरांची बदली झाली तेव्हा तिने विचारलं, तिकडे त्यांना कोण असं करून देणार? एका दुपारी जिराफ खिडकीत दुमडून उभा राहिला आणि म्हणाला, “हॉलमध्ये एक माणूस आहे. तुमची प्लेट रोज हातात धरतो, पण बसून खायला त्याला कधी मिळत नाही. त्याचं काय करायचं?”

“कुठल्या टेबलावर बसतो?” तिने खालमानेने चिरता चिरता विचारलं.

“बसतच नाही. उभाच असतो. उंच आहे जरा.”

तिने वर बघितलं. मागे गरम बाजूला कुणीतरी झारा आपटला आणि वस्ताद म्हणाले, “पोरी, आता हो म्हण, माझं सूप निवतंय.”

लग्न झालं. दोन खोल्यांचा संसार, मग लेक झाली. तो घरी ‘अगं’ म्हणायला लागला आणि ती ‘अहो’, पण हॉटेलच्या खिडकीत दोघंही ‘तुम्ही’वरच राहिले, कामाच्या जागी काम. बातम्या चालू राहिल्या.

त्या काळातली एक संध्याकाळ ती कधी विसरली नाही. हॉलमध्ये मोठी मेजवानी होती, सगळी टेबलं भरलेली, आणि ऐन वेळी गॅस गेला. नळीत कुठेतरी बिघाड. चुली एकामागून एक फुसफुसल्या आणि विझल्या. वस्ताद उतू जाणार असं सगळ्यांना वाटलं, पण ते गप्प झाले, आणि ते जास्त भीतीदायक होतं. मग ते स्वतःची सुरी घेऊन थंड बाजूला आले, तिच्या ओट्याशी उभे राहिले आणि म्हणाले, “बोल. काय चिरू?”

तिने सांगितलं. गरम बाजूचे सगळे पुरुष थंड ओट्यावर आले. कुणी कोबी, कुणी मिरची. वस्तादांना तिने काकडीच्या पट्ट्या दिल्या; त्यांनी पहिली जाड ओढली, तिने ती उचलून बाजूला ठेवली, आणि त्यांनी दुसरी पातळ ओढली. एक प्लेट जायची तिथे तीन प्रकारच्या गेल्या, एकेक करून, सावकाश, मधे पाव आणि लोणी. गॅस येईपर्यंत हॉल बसून राहिला. जिराफ आत आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. “टाळ्या वाजवतायत,” तो म्हणाला. “उभं राहून.” मधे लांब बोळ आणि जाड दार होतं. तिला काही ऐकू आलं नाही. पण तिने मान्य केलं, नेहमीसारखंच.

आणि मग एकदा आजी गेल्या. जिराफने खाली मान घालून सांगितलं, आणि काकडीबाई कापडात तोंड खुपसून रडली. जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी. पुढचे कितीतरी दिवस गाजर ओढताना तिचा हात जड व्हायचा.

वर्षं अशी सरली की सरल्याचं कळलं नाही. वस्ताद थकून घरी बसले, नवे आचारी आले, तीही निवृत्त झाली आणि तोही. घरी तो पेपर वाचायचा, ती वाटाणे सोलायची, आणि तो मधेच म्हणायचा, “त्या मास्तरांची आठवण झाली गं.” मग एका हिवाळ्यात छातीचं दुखणं आलं आणि तो गेला. लांब पायांच्या माणसाला लांब जायची घाई, असं ती म्हणाली आणि पुढे त्यावर फारसं बोलली नाही.

ती लेकीकडे राहायला आली. लेक-जावई दोघंही कामाला जाणारे. घर उजेडाचं, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. तिथे एके दिवशी पिंप भेटायला आला. पिंप हा जिराफचा जोडीदार वेटर, आणि दोन टेबलांच्या मधून त्याला आडवं होऊन जावं लागे म्हणून हे नाव. आता केस पांढरे झालेले, घेर तोच. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि ती सहज म्हणाली, “त्या आजी किती गोड होत्या ना? कवळीच्या?”

पिंप हसत सुटला. “वहिनी, अजून ती आजी? अहो, तिच्यापायी त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. दर वर्षी हिशोब करायचा, आता हिचं वय किती धरायचं. शेवटी म्हणाला, आता हिला न्यायलाच पाहिजे, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही रडलात तेव्हा तो कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसला होता. बाहेर येईना.”

तिचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“आजी नव्हत्याच?”

“वहिनी, सॅलड आल्यावर गिऱ्हाईक कुठे काय बोलतं? गप्पा मारता मारता खातात आणि पुढच्या प्लेटची वाट बघतात. तो बोळात उभा राहायचा, उष्ट्या प्लेटा मोरीत जायच्या आधी एकेक निरखत. आम्ही चेष्टा करायचो, उपाशी आहे म्हणून. मग मला विचारायचा, आज काय सांगू, मास्तर घालू की नवरी घालू?” पिंपने कपाळाचा घाम पुसला. “टाळ्या मात्र खऱ्या हां. त्या मीसुद्धा ऐकल्या.”

पिंप गेल्यावर तिने कपबशा विसळल्या. मग राग आला. आयुष्यभर ती कुणासाठी खपत होती? हवेसाठी? त्या माणसाने तिला लहान मुलासारखं गोष्टी सांगून वाढवलं होतं, आणि सांगून टाकायला हवं होतं तेव्हा सरळ निघून गेला. भांडायचं तर आता कुणाशी? तिने लेकीला सांगितलं. लेक म्हणाली, “बाबा माझ्या शाळेच्या बाईंनाही असंच गुंडाळायचे,” आणि कामाला निघून गेली. काकडीबाईने मग भाज्या चिरणंच सोडलं. लेकीने आणलेली गाजरं फ्रिजमध्ये सुरकुतत गेली.

असे काही आठवडे गेले. मग व्याही आणि विहीणबाई जेवायला यायचं ठरलं. ते दूरच्या शहरातून इथेच, जवळच्या गल्लीत, राहायला आले होते, आणि लेकीला सासू-सासऱ्यांसमोर सगळं नीट व्हायला हवं होतं. “आई, पुढचं मी बघते,” ती म्हणाली. “फक्त ती पहिली प्लेट तू कर. मला ते उभं राहणारं गाजर जन्मात जमणार नाही.”

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हात मात्र किसणीकडे गेला. हाताला काय ठाऊक कुणी काय खोटं सांगितलं ते. गाजराच्या पट्ट्या निघाल्या, बर्फाच्या पाण्यात उतरल्या आणि वळल्या. पानं पंच्यात बांधून तिने गच्चीत गाठोडं फिरवलं, पूर्वीपेक्षा हळू. जांभळा कोबी, पिवळी मिरची, मुळा, शेवटी बीट. प्लेटा फ्रिजमध्ये थंड होत होत्या. खाली कोवळी पानं, त्यावर रंग एकमेकांना चिकटणार नाहीत असे, आणि वर सोनेरी थेंब. जावई दारातून बघून म्हणाला, “आई, हे खायचं की भिंतीवर लावायचं?”

“खायचं,” ती म्हणाली. “आणि लवकर, नाहीतर पाणी सुटेल.”

ती आतच थांबणार होती, सवयच तशी. पण लेकीने दंडाला धरून तिला टेबलाशी बसवलं. तिच्यासमोर तिचीच प्लेट आली. आयुष्यात पहिल्यांदा ती दिवे लागलेल्या टेबलावर, माणसांच्या मधे, या बाजूला बसली होती.

आणि प्लेटबद्दल कुणी काहीच बोललं नाही. व्याह्यांनी आपल्या गुडघ्याची कहाणी सुरू केली होती, ती डॉक्टरांपर्यंत पोचली, तिथून दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत. बोलता बोलता त्यांचा काटा चालू होता. जावयाला फोन आला. लेक रश्शाकडे कान देऊन बसली होती. विहीणबाई शांतपणे खात होत्या. म्हणजे पिंप खरं तेच सांगत होता, काकडीबाईला वाटलं. गप्पा मारता मारता खातात.

लेक प्लेटा उचलायला उठली तशी काकडीबाईची नजर त्यांच्यावर गेली. व्याह्यांची प्लेट लख्ख. पावाने पुसून घेतलेली, आणि त्यांना स्वतःलाही ते कळलेलं नव्हतं. जावयाच्या प्लेटमध्ये दोन कडवट पानं. विहीणबाईंच्या प्लेटच्या कडेला मुळ्याच्या सगळ्या चकत्या, एकीवर एक, नीटस रचून ठेवलेल्या.

ती त्या मुळ्याकडे बघत राहिली. आणि तिला बोळात उभा असलेला तो लांब माणूस दिसला, मान वाकवून उष्ट्या प्लेटा वाचणारा. जाड गाजराच्या चघळून ठेवलेल्या चकत्या. तळाशी साचलेलं पाणी. बीटाचे डाग पडलेला हातरुमाल. आजी नव्हत्या, पण गाजर उरलं होतं. नवरी नव्हती, पण तळं होतं. आणि हे सरळ सांगितलं तर नाकावर राग घेऊन बसणाऱ्या एका मुलीला कसं सांगायचं, याचा विचार करत तो तिथे उभा राहायचा. मुलगी समजावून सांगितलेलं ऐकणाऱ्यांतली नव्हती. तिला माणसं द्यावी लागली.

“तुम्हाला मुळा आवडत नाही का?” तिने एकदम विचारलं. इतक्या मोठ्याने की व्याह्यांचा गुडघा मधेच थांबला.

विहीणबाई गोंधळल्या. “अय्या, नाही हो, तसं नाही. फार सुंदर झालं होतं सगळं. मला मुळा सोसत नाही फक्त. रात्रभर छातीत जळजळतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

“बोलत जा,” काकडीबाई म्हणाली. “मला कुणी बोलत नाही.”

ती पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती, तेव्हा विहीणबाईंना कशावर विश्वास ठेवावा ते कळेना. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. मग रस्सा आला, आणि व्याह्यांनी गुडघा जिथे सोडला होता तिथून पुन्हा उचलला.

पुढच्या वेळी मुळा नव्हता. त्याच्या जागी तिने कच्च्या सलगमाची पातळ चकती घातली, आणि विहीणबाईंनी ती तोंडात टाकून विचार करून सांगितलं, “जरा लाकडासारखी लागते.” काकडीबाईला राग आला नाही असं नाही. पण तो रात्रीपर्यंत उतरला, आणि सकाळी तिने सलगम बर्फाच्या पाण्यात जास्त वेळ ठेवून बघितलं. विहीणबाई आता मधूनमधून दुपारी येतात. किसणीची भीती वाटते म्हणून सुरीनेच चिरतात, आणि त्यांची काकडी गाडीच्या चाकांइतकी जाड असते. काकडीबाई ती उचलते, उजेडात धरते आणि सांगते, “विहीणबाई, यातून मला तुम्ही दिसत नाही.” विहीणबाई म्हणतात, “दिसून काय करायचंय, खायची आहे.” मग दोघी आधी चहा टाकतात, आणि पानं पंच्यात तशीच पाणी गाळत राहतात.